बारा व्होल्ट आणि कस्तुराबाईंची गल्ली

मुज्तबाभाईंच्या दुकानात न बांधलेली वस्तू सापडायची नाही. भिंतीवरचं घड्याळ तारेनं खिळ्याला आवळलेलं, कपाट मागच्या भिंतीत हूक ठोकून जखडलेलं, पाण्याच्या माठाच्या कमरेलासुद्धा सुतळी. त्र्याण्णवच्या भूकंपात लातूर शहरातली फारशी घरं पडली नव्हती. पण त्या पहाटे त्यांच्या घरातलं लोखंडी कपाट झोपलेल्या आईच्या अंगावर आलं. आई वाचली, मात्र पुढं भिंत धरूनच चालली. तेव्हापासून मुज्तबाभाई वस्तू बांधतात. बाहेरून आलेल्या माणसाला गंमत वाटते. आम्हा लातूरकरांना वाटत नाही.

त्या काळी ते मोटारींचं वाइंडिंग करायचे. पुढं ट्युशन एरियात क्लासेसच्या पाट्या वाढल्या, मोटारींपेक्षा कॉम्प्युटर जास्त झाले, मुलगी मुबश्शिरा डिप्लोमा करून आली आणि दुकान कॉम्प्युटरचं झालं. हातातला मेणाचा दोरा मात्र तोच राहिला. कॉम्प्युटरच्या डब्यातल्या केबली ते वाइंडिंगच्या वेटोळ्यासारख्या बांधत. दोन बोटांवर एक गाठ, पुन्हा दोन बोटांवर एक, आणि शेवटी सगळा जुडगा डब्याच्या पत्र्याला घट्ट. झाकण उघडलं की वेणी घातल्यासारखं दिसे.

"अब्बा, ही काय बैलगाडी आहे का, इतकं आवळायला?" मुबश्शिरा म्हणायची.

"हलणार नाही ना? मग झालं."

"कॉम्प्युटर कुठं पळून जातो, अब्बा?"

"जमीन पळाली होती, बेटा. तू नव्हतीस तेव्हा."

मग ती पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचले.

मी रोज सकाळी त्या दुकानात जाऊन बसतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या माणसाला बसायला जागा लागते, आणि तिथं मला कुणी फार बोलायला लावत नाही. मुज्तबाभाई मला 'सर' म्हणतात. मी कधी कुणाला काही शिकवलेलं नाही, पण आता दुरुस्त करायला उशीर झाला.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर दोन कामं एकदम आली. एक लातुरातलंच, दयानंद सरांच्या क्लासचं. दुसरं नांदेडच्या तनुजाचं. दोन्हीकडे दुखणं एकच होतं. नवं, मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं, आणि जुना एसएमपीएस त्याला पुरत नव्हता. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन यंत्राला पचेल अशी करून देणारा डबा. कार्ड हा पडद्यावरची चित्रं काढणारा भाग. कार्ड मोठं तशी त्याची भूक मोठी. मला एवढंच कळतं, आणि तेही मुबश्शिरानं चार वेळा सांगितल्यावर.

ती स्वतः त्या आठवड्यात खालाच्या, म्हणजे मावशीच्या, घरच्या लग्नासाठी उदगीरला गेली होती. म्हणून अष्टमीला नांदेडला मुज्तबाभाई निघाले आणि सोबत म्हणून मला घेतलं. "सर, तुम्ही बॅटरी धरा. माझे दोन्ही हात आत असतात."

तनुजा लातूरच्या क्लासेससाठी चित्रफिती बनवते. हृदयाच्या झडपा उघडमीट करतात, बेडकाचं आतडं गोल फिरतं, ते सगळं ती नांदेडच्या घरी बसून करते. तिचे वडील ग्यानोबा यांना भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून नांदेडला नोकरी लागली आणि घर इकडं आलं. तेरणा नदीच्या काठचं त्यांचं गाव तनुजानं पाहिलेलंच नाही. ती जन्मली तेव्हा तिथं दगडांचे ढीग आणि बाभळी होत्या.

आणि तरीही ते गाव तिनं बांधलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरवर. सगळं गाव नव्हे, एक गल्ली. आजी कस्तुराबाई सांगत गेल्या आणि ती रचत गेली. कुणाच्या दाराचा उंबरा किती उंच, कुणाच्या भिंतीतून कोणता दगड बाहेर आलेला, सिद्धम्माच्या ओट्यावर पाय घासायचा कोपरा कुठला. प्रत्येक दारावर बोट ठेवलं की कस्तुराबाईंचा आवाज उमटे आणि त्या घरात कोण राहत होतं ते सांगे. दोन वर्षं हे चाललं. आता त्यांना पुन्हा सांगता आलं नसतं. गेल्या उन्हाळ्यापासून त्या नावं विसरू लागल्या होत्या. शेजारणीला मुलीच्या नावानं हाक मारत, आणि मुलगी तर त्र्याण्णवच्या त्या पहाटे त्या गल्लीतच राहिली होती.

आम्ही गेलो तेव्हा कस्तुराबाई दारातच बसल्या होत्या. त्या नेहमी दारात बसतात, असं तनुजा म्हणाली. पाठीला घर आणि पाय अंगणात.

"तुमीच का ते लातूरचे मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"हाव, अक्का."

"ह्या पोरीच्या पेटीला काय रोग झालाय बघा. तिसऱ्या दारापुढं गेलं की मरतीया. मल्लम्माच्या दारापत्तोर नेती अन् काळं फडकं टाकती. माझं घर आखरीला हाय. कवा पोचायचं मी?"

तनुजा हसली, पण डोळे आजीवर होते. "सर, तिथं एकदम सगळी घरं दिसायला लागतात ना, कार्ड जोरात वीज ओढतं. जुन्या एसएमपीएसला तेवढा दम नाही. बाराचे अकरा होतात आणि मशीन बसतं."

"दुसरीकडं ठेवलंय ना काढून?" मी विचारलं. पुस्तकांच्या दोन प्रती ठेवायची माझी जुनी सवय.

"हो, दोन प्रती आहेत. दोन डिस्क."

"कुठं?"

"ह्यातच की." तिनं डब्यावर हात ठेवला.

मला ते खटकलं. पण मला पुष्कळ गोष्टी खटकतात आणि बहुतेक वेळा माझंच चुकलेलं असतं, म्हणून मी गप्प बसलो.

मुज्तबाभाईंनी झाकण उघडलं. आत त्यांचीच दोन वर्षांपूर्वीची वेणी होती, एकही गाठ सैल नाही. ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग जुना एसएमपीएस काढला, नवा बसवला. नव्या डब्यातून मदरबोर्डच्या जाड केबली पक्क्या जोडलेल्याच आल्या होत्या, त्या त्यांनी नीट लावल्या. कार्डाची आणि डिस्कची केबल मात्र वेगळी येते. एक टोक डब्यात खुपसायचं, दुसरं यंत्रात. नव्या केबली पिशवीत होत्या, पण जुन्या तर पत्र्याला बांधलेल्याच होत्या. त्यांनी जुन्या केबलीचं टोक नव्या डब्याच्या भोकात लावून पाहिलं. टक् करून बसलं.

"बघा सर, बरोबर बसलं. गाठी कशाला तोडायच्या?"

मी बॅटरी धरली होती. मलाही ते बरोबरच दिसलं. खाच खाचेत, कोपरा कोपऱ्यात, खिटी वरून अडकलेली.

चालू करून बघायला वीज नव्हती. गल्लीतली डीपी सकाळीच जळाली होती आणि वीज मंडळाची माणसं अजून आली नव्हती. ग्यानोबा म्हणाले, "राहू द्या, भाई. उद्या खंडेनवमी. पोरीचं हत्यार हेच, पूजेला मांडू. दसऱ्याला आईच्याच हातानं बटण दाबू."

निघताना कस्तुराबाईंनी मुज्तबाभाईंचा नंबर मागितला. त्यांच्या गळ्यातल्या कापडी बटव्यात छोटा फोन असतो. त्यांनी तिथंच रिंग देऊन आपला नंबर त्यांच्या फोनात पाठवला. "पोचलाव की मिस कॉल द्या. न्हाई तर जीव लागून राहतो."

लातूरला पोचल्यावर मुज्तबाभाईंनी मिस कॉल दिला.

दसऱ्याच्या सकाळी दयानंद सरांच्या क्लासमध्ये गेलो. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, पडद्यावर कुंकवाचं बोट, खाली फोडलेला नारळ. तोच नवा एसएमपीएस, आतमध्ये तशीच जुनी वेणी. मुज्तबाभाईंचे हात सवयीनं चालले. टक्, टक्. दयानंद सर मोबाइलवर चित्रण करत उभे होते. म्हणाले, "दाबा, भाई. सोनं लुटायच्या आधी आपलं मशीन चालू झालं पाहिजे."

मुज्तबाभाईंनी बटण दाबलं.

आवाज फार मोठा नव्हता. भाजलेली शेंग फुटावी तसा. मग आतून टिक् असा दुसरा आवाज, आणि सगळं बंद. झेंडूच्या माळेखालून धुराची एक बारीक रेघ वर आली. वास मात्र खोलीभर झाला, जळक्या रबराचा आणि त्याहून काहीतरी कडू. मी मागं सरलो तो खुर्चीवर आदळलो. मुज्तबाभाई जिथं होते तिथंच गुडघ्यावर राहिले. बटणावरचं बोट त्यांनी काढलंच नव्हतं.

"मुज्तबाभाई," दयानंद सर शेवटी म्हणाले, "रावण मैदानात जाळतात. माझ्या हापिसात नव्हे."

कुणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

आम्ही तो डबा रिक्षात घालून दुकानात आणला. मुबश्शिरा नुकतीच उदगीरच्या बसमधून उतरून आली होती, हाताची मेंदीही अजून गडद होती. तिनं वास घेतला, झाकण उघडलं आणि विचारलं, "डिस्क गेली. दुसऱ्या जागी प्रत आहे का त्यांची?"

"हाय म्हणाले. पुण्याच्या कंपनीकडं."

"शुकर." तिनं केबली कार्डातून आणि डिस्कमधून ओढून काढल्या, यंत्राकडची टोकं मोकळी ठेवली, जाड केबलीतली हिरवी आणि काळी तार एका पिनेनं जोडली. एसएमपीएस रिकामाच घुमायला लागला. मीटरचं काळं टोक तिनं पत्र्याला लावलं आणि लाल टोक कार्डाच्या आठ पिनांच्या प्लगात खुपसलं.

"सर, इकडं बघा. पिवळ्या तारेवर बारा पाहिजेत. साडेअकराच्या खाली गेलं किंवा साडेबाराच्या वर चढलं तरी मी मशीन गिऱ्हाइकाला देत नाही. काळ्या तारेवर शून्य पाहिजे."

मी चष्मा लावला. पिवळ्या तारेवर शून्य होतं. तिनं टोक काळ्या तारेत घातलं. बारा.

मला वाटलं मीच उलटं वाचतोय. मी पुन्हा पाहिलं. बाराच.

"आता डिस्कचा प्लग. लाल तारेवर पाच पाहिजेत." तिनं लाल तारेला टोक लावलं. मीटरवर बारा आणि वर काही शतांश उमटले. "पाच पिणाऱ्याला बारा पाजले. मरणार नाही तर काय होणार?"

"पण टोक तर बसलं होतं," मुज्तबाभाई म्हणाले. "बेटा, कसून बसलं होतं."

"बसतंच, अब्बा. यंत्राकडचं टोक सगळ्या कंपन्या एकाच नियमानं करतात. डब्याकडच्या टोकाला नियमच नाही. भोकं तीच, खिटी तीच, आतल्या तारा ज्याच्या त्याच्या मर्जीनं. ह्या कंपनीची केबल त्या कंपनीच्या डब्याला कधीच लावायची नाही. कधीच."

मी ते टोक हातात घेतलं. जुनी केबल एका हातात, पिशवीतली नवी दुसऱ्या हातात. डोळे मिटून बोट फिरवलं तरी फरक कळेना. आयुष्यभर मी पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर बघून पुस्तकं त्या त्या जागी लावली. जागेत बसलं म्हणजे जागेचं असतं, एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली. आणि हे माझ्या हातातलं टोक त्या जागेत अगदी बरोबर बसत होतं, आणि बसूनच मारत होतं. हे असं करायची परवानगी कुणी दिली, असं मला ओरडून विचारावंसं वाटलं. कुणाला, ते समजेना.

मुबश्शिरानं पिन काढली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, अजून कुठं लावलंय असं?"

मुज्तबाभाईंनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मला आठवलं.

"नांदेड," मी म्हणालो.

"चालू केलं होतं तिथं?"

"लाईट नव्हती. आज सकाळी करणार होते. पूजा करून."

मुबश्शिरानं फोन उचलला. तनुजाचा फोन वाजत राहिला, कुणी घेईना. ग्यानोबांचा बंद. पुन्हा तनुजाचा. "उचल ना, तनुजा आपा, उचल," ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच केबलीवर. दोन वर्षं, सगळे उंबरे, सगळे आवाज. आणि सांगणारी बाई नावं विसरलेली.

"आजीचा नंबर," मी म्हणालो. "मुज्तबाभाई, तुमच्या फोनात. मिस कॉलवाला."

त्यांनी फोन काढला, तो नंबर लावला आणि माझ्याच हातात दिला. मला फोनवर बोलता येत नाही. समोरचा माणूस दिसत नसला की माझे शब्द अडतात, घरी मुलाचा फोन आला तरी मी आधी वाक्य मनात म्हणून बघतो. त्या वेळी मनात एकही वाक्य नव्हतं.

"कोन?" तिकडून आवाज आला. मागं घंटी वाजत होती.

"अक्का, मी लातूरहून बोलतोय. मुज्तबाभाईंच्या बरोबर आलो होतो तो."

"लातूरहून? आरं, काय झालं लातूरला?"

"काही नाही. म्हणजे, ते मशीन. तनुजाला सांगा, केबल चुकीची आहे, चालू करायचं नाही."

"काय म्हनताव? घंटी वाजून राहिली हितं. काय बी ऐकू येईना."

मागून तनुजाचा आवाज स्पष्ट आला. "आजी, चल ना. कापूर लावलाय. बटण तू दाबायचंय."

"थांब गं. लातूरचा फोन हाय. आले, आले."

"अक्का, जाऊ नका! तनुजाला फोन द्या."

"मागनं बोला भाऊ, ही वढून राहिली मला."

त्या घरात पुढच्या घडीला काय होणार ते मला डोळ्यांपुढं दिसत होतं. झेंडूखालून येणारी ती रेघ. मी बोललो ते मी ठरवून बोललो की घाबरून, हे मला आजही सांगता येत नाही.

"अक्का, घराबाहेर व्हा!" मी ओरडलो. "सगळ्यांना घेऊन बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता!"

मग कस्तुराबाईंचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता. इतक्या म्हाताऱ्या छातीत एवढा आवाज असेल असं वाटलं नसतं.

"ग्यानोबा! पोरी! भाईर! भाईर पळा! सोडा ते, भाईर!"

खण्ण असा लोखंडी आवाज झाला. मेन स्विच ओढल्याचा. मागचा पंखा मंदावत थांबला. काहीतरी तांब्याचं फरशीवर पडून घरंगळत गेलं. माणसांचे पाय, दाराचा धक्का, "आजी, अगं काय झालं," आणि त्यावर पुन्हा तोच आवाज, "भाईर!" मग फोन बंद झाला.

मी फोन कानाला तसाच धरला होता. मुबश्शिरानं तो हळूच काढून घेतला.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

मला तिच्याकडं बघवेना.

थोड्या वेळानं तनुजाचाच फोन आला. मुबश्शिरानं तिला सगळं समजावलं. बटण दाबलेलं नव्हतं. आजीचा हात धरून ती टेबलापर्यंत आली होती, तोच हे झालं. मेन बंद होता तो तसाच ठेवायला मुबश्शिरानं सांगितलं. मग ती बराच वेळ नुसतं ऐकत राहिली.

"मशीन वाचलं," फोन ठेवून ती म्हणाली. "पण आजी आत यायला तयार नाही. मैदानात बसली आहे. शेजारच्या घरांतून पोरं काढून आणली तिनं. आता एकालाही आत जाऊ देत नाही."

आम्ही मिळाली त्या बसनं निघालो, अहमदपूर, लोहा करत. मुबश्शिरा मांडीवर मीटर आणि नव्या केबलींची पिशवी घेऊन बसली होती. बसमधले लोक एकमेकांना आपट्याची पानं देत होते. एकानं माझ्या हातात पान ठेवलं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणाला. मी ते खिशात घातलं. मुज्तबाभाई सगळा रस्ता आपल्या बोटांकडे बघत होते.

लोह्याच्या पुढं ते म्हणाले, "सर, मी बांधलं नसतं, तर काढलं असतं. काढलं असतं, तर नवं लावलं असतं."

मी म्हणालो, "बाहेर व्हा असं मी म्हणायला नको होतं."

"म्हटलं नसतं तर?"



कस्तुराबाई घरासमोरच्या मोकळ्या जागेत लिंबाच्या झाडापासूनही लांब बसल्या होत्या. ऊन उतरलं होतं. अंगावर सणाचं लुगडं, पण पदराला मातीचे हात पुसलेले. दोन्ही तळवे त्यांनी जमिनीवर टेकवून ठेवले होते, अंगात ताप आहे का बघावं तसे. शेजारच्या बाया त्यांना चहा देत होत्या आणि त्या तो घेत नव्हत्या.

मी समोर जाऊन बसलो. गुडघे दुखतात, पण उभं राहून बोलण्यासारखं ते नव्हतं.

"अक्का, भूकंप नव्हता. मीच घाबरून बोललो. तुमच्या नातीची गल्ली जळाली असती."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "पोरीनं सांगितलं. चार बारी सांगितलं."

"मग आत चला."

"मला ठावं हाय, भाऊ. ह्यास्नी न्हाई." त्यांनी जमिनीवरचे हात उचलून मला दाखवले. ते थरथरत होते. "हे ऐकत न्हाईत."

मला माफी मागायची होती, पण माफी हा शब्द त्या हातांपुढं फार लहान वाटला. मी तिथंच बसून राहिलो.

मी आत गेलो तेव्हा मुज्तबाभाई डबा उघडत होते. मुबश्शिरानं कात्री पुढं केली, तर त्यांनी नको म्हटलं आणि खिशातलं वाइंडिंगचं जुनं पातं काढलं. पहिली गाठ कापली, दुसरी कापली. दोरा मेणाचा, तो तुटताना चिर्र वाजायचा. सगळी वेणी सुटून केबली डब्यात पसरल्या, तेव्हा आतलं एकदम गबाळं दिसायला लागलं. त्यांनी जुन्या केबली बाहेर काढल्या, प्रत्येकीच्या टोकाचा प्लग पातं घालून फोडला, म्हणजे पुन्हा कुणी लावायला नको. मग पिशवीतल्या नव्या लावल्या. कार्डाला दोन प्लग लागत होते. एका केबलीला दोन तोंडं होती, पण मुबश्शिरानं ती बाजूला ठेवली आणि दोन स्वतंत्र केबली दिल्या. "एका तारेवर सगळा भार नको, अब्बा. तापते." प्रत्येक टोक एसएमपीएसमध्ये बसवल्यावर ती ओढून बघत होती.

दुसरी टोकं कार्डाला आणि डिस्कला जोडण्याआधी तिनं मीटर लावला. मेन मी चालू केला. तिनं आकडे मोठ्यानं वाचले, बाहेर ऐकू जावेत म्हणून असेल. "पिवळी, बारा पूर्णांक एक. काळी, शून्य. लाल, पाच."

"बराबर?" अंगणातून कस्तुराबाईंनी विचारलं.

"बराबर, दादी."

एसएमपीएस बंद करून टोकं कार्डात आणि डिस्कमध्ये बसवली, पण त्या आत येईनात. तेव्हा ग्यानोबांनी आणि मी टेबल उचलून दारात आणलं, पडद्याचं तोंड अंगणाकडं केलं. कस्तुराबाई बसल्या जागेवरून सरकत थोड्या जवळ आल्या. तनुजानं बटण दाबलं. माझा हात आपोआप नाकाकडं गेला. वास आला नाही. पंखा फिरला आणि पडदा उजळला.

गल्ली उभी राहिली. मातीनं सारवलेल्या दगडी भिंती, माळवदाची घरं, उन्हाची एक तिरपी पट्टी. पहिलं दार, दुसरं. तिसरं. मल्लम्माचं दार मागं गेलं आणि पुढं आणखी भिंती आल्या, आणखी दारं, कोनाड्यात पणती, ओट्यावर उलटी घातलेली घागर. मुबश्शिरा मीटर धरून डब्यापाशी बसली होती. "बाराच आहे," ती पुटपुटली. "हलत नाही."

गल्लीच्या टोकाला एक निळं दार आलं.

"हे आपलं, आजी," तनुजा म्हणाली. "आत जाऊ?"

कस्तुराबाई निळ्या दाराकडं बघत होत्या. त्यांचे हात आता मांडीवर होते.

"नगं," त्या म्हणाल्या. "आत नगं जाऊ. निजल्यात सगळी."

तनुजाचं बोट तसंच वर राहिलं. दुसऱ्या गल्लीतून ढोल वाजत गेला, सीमोल्लंघनाला निघालेल्या पोरांचा असावा.

मग कस्तुराबाईंनी मान वळवली आणि दारातल्या टेबलाकडं, त्याच्या पायांकडं, वर ठेवलेल्या पडद्याकडं बघितलं.

"भाऊ," त्या मुज्तबाभाईंना म्हणाल्या, "ते उंचावर ठिवलंय. पडंल की. बांधा त्याला."

मुज्तबाभाईंनी मुबश्शिराकडं पाहिलं. तिनं मीटर पिशवीत ठेवला आणि खाली पडलेलं मेणाच्या दोऱ्याचं रीळ उचलून त्यांच्या हातात दिलं.

"आतलं नको, अब्बा," ती म्हणाली. "बाहेरचं बांधा."

त्यांनी पडद्याचा पाय टेबलाला बांधला आणि टेबलाचा पाय दाराच्या चौकटीला. दोन बोटांवर एक गाठ, पुन्हा दोन बोटांवर एक. मी दोऱ्याचं टोक धरून उभा होतो.